सत्त्याऐंशी घरं

१

सोमवारी सकाळी हेडक्लार्कनी रेकॉर्डच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं आणि ते दोन पावलं मागे सरकले. सगळ्यात वरच्या फळीवर धुळीत एक चौकोन उमटला होता. अगदी स्वच्छ. तिथलं गाठोडं गेलं होतं.

"गेलं ते जुन्या पाहणीचं," नगररचना कार्यालयाच्या साहेबांनी मला फोनवर सांगितलं. "नऊ वर्षांपूर्वीचे खालच्या वस्तीचे तक्ते. रद्दीच म्हणा ना. पण कपाट किल्लीने उघडलंय, म्हणजे चोर घरचाच. आणि गुरुवारी सभा आहे. मॅडम, तुम्ही आलात तर बरं होईल."

मी मुख्य कार्यालयात पडताळणी अधिकारी आहे. कुठल्या भागात किती माणसं राहतात, काय काम करतात, आजारी पडली तर कुठे जातात, ही माहिती गावोगावची कार्यालयं गोळा करतात आणि तिच्यावरून शाळा, रस्ते, दवाखाने ठरतात. ती माहिती दारोदार फिरून आणली की टेबलावर बसून रचली, हे शोधणं माझं काम. पाठीमागे लोक मला शंकाबाई म्हणतात. तीस वर्षं झाली, आता मला त्याचं काही वाटत नाही.

दुपारी मी पोचले तेव्हा साहेब खिडकीपाशी उभे होते. खिडकीतून टेकडीचा उतार आणि तळाशी दाटीवाटीने बसलेली छपरं दिसत होती. ती खालची वस्ती.

"त्या टोकाला मोकळी जागा दिसतेय? नगरपालिकेची आहे. तिथे दवाखाना, प्रसूतीची खोली आणि शेजारी शिवणकामाची शेड करायची, असा आमचा आराखडा आहे. व्यापारी संघाच्या शेठना तिथे गोदाम हवंय. गुरुवारी निर्णय."

"आराखडा कशाच्या आधारावर?"

"निवृत्त शिक्षिका आहेत एक बाई, त्यांच्या कार्डांच्या. घराला एक कार्ड. दोन वर्षं फिरल्यात त्या."

"ती कार्डं कुठे आहेत?"

"त्याच कपाटात. मधल्या फळीवर, पत्र्याच्या दोन पेट्यांत. एकही हललेलं नाही." साहेबांनी हात चोळले. "म्हणूनच म्हणतो, चोराची गफलत झाली. न्यायची होती नवी कार्डं, घाईत उचललं जुनं गाठोडं."

मी रेकॉर्डच्या खोलीत गेले. मधली फळी माझ्या छातीशी येत होती. पेट्यांवर लाल अक्षरांत 'नवी पाहणी' लिहिलेलं होतं. वरच्या फळीपर्यंत माझा हात पोचेना. कोपऱ्यातलं स्टूल ओढून चढले, तर स्टुलावर आधीच कुणाच्या तरी चपलेचा धुळीचा ठसा होता.

हाताशी असलेल्या पेट्या सोडून जो स्टुलावर चढतो, त्याची गफलत झालेली नसते. चोराला रद्दीच हवी होती.

२

हेडक्लार्कला कार्यालयात 'कुलूप' म्हणत. किल्ल्याही त्यांच्याकडे आणि तोंडही कायम बंद. माझ्यासमोर त्यांनी चहाचा कप तीनदा उचलून तीनदा खाली ठेवला.

"किल्ली कुठे असते?"

"माझ्या खोलीत. खिळ्याला."

"म्हणजे कुणीही घ्यावी."

"कुणीही म्हणजे... साहेब, मी, आणि ड्रॉइंगच्या खोलीतले नकाशेवाले. शेठही येऊन बसतात अधूनमधून. शनिवारी आले होते."

"जुनी पाहणी कुणी केली होती?"

"आम्हीच. माणसं कमी, मुदत तीन आठवडे. कुणी कुठला भाग घ्यायचा ते तोंडीच ठरलं. सहा जण होतो. दोघांची बदली झाली, दोघं वारले. उरलो मी आणि नकाशेवाले. मी वरचे बंगले केले."

"आणि खालची वस्ती?"

कुलूप अडखळले. "आठवत नाही मॅडम. तक्त्यांवर अक्षर असणार ज्याचं त्याचं."

"ते तक्ते इतक्यात कुणी मागितले होते?"

"हो, बाईंनी. शनिवारी अर्ज दिला. जुनं आणि नवं घराघराने ताडून बघायचं म्हणाल्या. मी म्हटलं, सोमवारी काढून ठेवतो."

शनिवारी अर्ज, सोमवारी गाठोडं गायब. मी वहीत दोन्ही एकाखाली एक लिहिलं.

शेठ स्वतःहूनच भेटायला आले. जाड, हसरा माणूस. "माझ्यावर संशय आहे म्हणे! अहो मॅडम, मी कशाला चोरू? तो जुना अहवाल तर माझा वकील आहे. छापील आहे, सगळ्यांकडे आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय, खालच्या वस्तीत एकशे एकवीस माणसं. बाई म्हणतात चारशे बारा. नऊ वर्षांत? माणसं आहेत की उंदीर?" मग आवाज उतरवून ते म्हणाले, "बाईंना मी दोष देत नाही हं. लेक गेली त्यांची. दुःखात माणसाला दिसतं तसं दिसतं."

शेठ गोड बोलत होते, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तक्ते नाहीसे झाल्याने त्यांचं काहीच बिघडत नव्हतं. उलट आता छापील आकडा खोटा ठरवायला हातात पुरावाच उरला नव्हता.

मग बिघडत कुणाचं होतं?

३

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मला वस्ती दाखवायला घेऊन गेल्या. शाळेतून मुदतीआधीच निवृत्ती घेतलेल्या, सडपातळ, भराभर चालणाऱ्या. नकाशेवाले त्यांचे यजमान. दोघं रोज एकाच छत्रीखाली कार्यालयात येत, असं शिपायाने मला सांगितलं होतं.

बाईंना प्रत्येक दार पाठ होतं. "इथे दोघी जावा पिशव्या शिवतात. इथले आजोबा वय विचारलं की साठ सांगतात, दहा वर्षांपूर्वीही साठच होते. ही पोरगी अकरावीत आहे, हिची आई दम्याने बेजार. वस्तीत त्रेसष्ट बायका घरी शिवतात मॅडम. प्रत्येकीचं मशीन अंधारात. एक उजेडाची शेड मिळाली तर मोठ्या ऑर्डरी घेता येतील. मी नुसती डोकी नाही मोजली."

चढाच्या पायथ्याशी त्या थांबल्या. वर, बंगल्यांच्या पलीकडे, दवाखान्याची पांढरी भिंत दिसत होती.

"सात वर्षांपूर्वी तो वर बांधला. खाली माणसंच कमी, असं अहवालात होतं ना. गाडीने जायचं तर टेकडीला पूर्ण वळसा, पाऊण तास. आमच्या मुलीला इथेच दिली होती. जावई चांगला, घर चांगलं. पहिलंच बाळंतपण अडलं. चौघांनी खाटेवर घालून या चढाने नेली." त्यांनी चढाकडे बोट केलं. "अर्ध्यात होती तेव्हा माझा हात धरून म्हणाली, आई, अजून किती आहे? मी म्हटलं, आलंच बघ."

मी वही मिटली.

"आलं नाही," बाई म्हणाल्या. "दोघंही गेली. पाच वर्षं झाली. हे तेव्हापासून घरी फारसे बोलत नाहीत. पण कार्डांचे नकाशे त्यांनीच रंगवून दिले. रविवारीसुद्धा बसायचे."

आम्ही गल्लीच्या टोकाला पोचलो. शेवटच्या दारावर ८७ आकडा होता. त्यापुढे दगडी बांध आणि बांधाखाली ओढा.

"पुढची घरं?"

"पुढे कुठली घरं? सत्त्याऐंशीनंतर ओढाच. माझ्या लहानपणापासून."

माझ्या पिशवीत छापील अहवाल होता. मी तिथेच बांधावर बसून तो उघडला. खालची वस्ती, एकूण घरं: त्र्याण्णव.

ओढ्याच्या पाण्यात कुणीतरी सहा घरं मोजली होती.

४

त्या दुपारी मी दार लावून दोन कागद शेजारी ठेवले. एक बाईंच्या कार्डांवरून केलेला वयांचा तक्ता, दुसरा जुन्या अहवालामागचा.

दारावर जाऊन वय विचारलं की माणसं गोल आकडा सांगतात. चाळीस, पन्नास, साठ. एकोणचाळीस किंवा एकसष्ट क्वचितच कुणी सांगतं. त्यामुळे खऱ्या पाहणीत चाळीस, पन्नास, साठ यांच्यासमोर माणसांचे ढीग दिसतात. बाईंच्या तक्त्यात ते होते, त्या साठच्या आजोबांसकट. जुन्या तक्त्यात एकही ढीग नव्हता. एकोणचाळीसची दोन, चाळीसची दोन, एक्केचाळीसची दोन. टेबलावर बसून वयं रचणारा माणूस ती अशीच सारखी वाटतो, कारण खरं वाटावं म्हणून तो फार काळजी घेतो.

म्हणजे जुनी पाहणी झालीच नव्हती. कुणीतरी ती रचली होती, आणि निम्म्याहून जास्त घरांपुढे 'बंद' लिहून टाकलं होतं. बंद घराला माणसं रचावी लागत नाहीत.

पण त्र्याण्णव का? रचायची तर सत्त्याऐंशी रचायची. जास्तीची सहा घरं कुठून आली?

मी ड्रॉइंगच्या खोलीत गेले. नकाशेवाले जेवायला गेले होते. मदतनीस मुलीला मी खालच्या वस्तीचे सगळे नकाशे काढायला सांगितले. छापून गेलेल्या नकाशात ओढ्यापाशी सत्त्याऐंशी. दुसऱ्यात सत्त्याऐंशी. तळाची गुंडाळी पिवळी पडलेली, पेन्सिलीने काढलेली. त्यात ओढा बुजवून पलीकडे तुटक रेषांची सहा घरं आखलेली होती. अठ्ठ्याऐंशी ते त्र्याण्णव.

"हा कधी बाहेर गेला?"

"छे, हा कच्चा आराखडा. ओढा बुजवायची कल्पना रद्द झाली. हा या टेबलावरून कधी उठलाच नाही," ती म्हणाली.

मी गुंडाळी हातात धरून उभी राहिले. सगळं जुळत होतं. ज्याने पाहणी रचली, त्याने वस्तीऐवजी हा नकाशा पुढ्यात ठेवला होता. तक्त्यांवरच्या त्या अक्षराची भीती साहेबांना नव्हती, शेठना नव्हती. ते अक्षर पाहताक्षणी ओळखणारं एकच माणूस होतं, आणि तिनेच शनिवारी अर्ज दिला होता.

मागे दार वाजलं. नकाशेवाले आत आले, माझ्या हातातली गुंडाळी पाहिली आणि मुलीला म्हणाले, "तू जरा बाहेर जा बाळ."

५

ते बसले नाहीत. टेबलावरच्या पेन्सिली उगाच एका रेषेत लावत राहिले.

"तिला सांगितलंत?"

"अजून नाही."

"त्या महिन्यात लग्न होतं पोरीचं," ते म्हणाले. "तीन आठवड्यांची मुदत. म्हटलं, आत्ता भरून देऊ, लग्न उरकलं की जाऊन दुरुस्त करू. कोण बघतंय? मग राहूनच गेलं. पुढे अहवाल छापला, दवाखाना वर गेला. तेव्हाही बोललो नाही. बोललो असतो तर..."

"लग्न तर त्याच वस्तीत ठरलं होतं ना?"

त्यांनी मान हलवली.

"मॅडम, मी रोज त्या गल्लीत जात होतो. व्याह्यांकडे. कधी याद्या, कधी मांडव. रोज. शेजारचं दार तेवढं वाजवलं नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"खाटेचा पुढचा खूर माझ्या खांद्यावर होता," ते म्हणाले. "चढताना मला सगळं माहीत होतं. एकेक पाऊल. दवाखाना इतका लांब कुणी नेऊन ठेवला, ते माहीत होतं. हिला माहीत नव्हतं. ही मलाच म्हणत होती, अहो, जपून, दमाल."

मी गुंडाळी टेबलावर ठेवली.

"तक्ते जाळलेत?"

"नाही. जाळणार होतो. झालं नाही. घरी माळ्यावर आहेत." मग घाईने म्हणाले, "पण दवाखान्याचं काही अडत नाही ना? नवी कार्डं आहेत. ती खरी आहेत. मी फक्त माझं अक्षर नेलं."

"अडतं," मी म्हटलं. "शेठ उभे राहतील आणि म्हणतील, नऊ वर्षांत एकशे एकविसाचे चारशे बारा होत नाहीत. बाईंनी दुःखात फुगवून लिहिलं. छापील आकडा मोडायला पुरावा हवा. तो तुमच्या माळ्यावर आहे."

"तुम्ही सांगा ना. वयांचं, घरांचं."

"मी सांगितलं तर तो माझा अंदाज. शेठ तासभर वाद घालतील आणि निर्णय पुढच्या वर्षावर जाईल. ज्याने लिहिलं त्याने सांगितलं तर वाद संपतो. मी माझा अहवाल शुक्रवारी देणार आहे. सभा गुरुवारी आहे."

ते पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत म्हणाले, "तिच्यासमोर?"

"त्या पहिल्या रांगेत असतील."

६

गुरुवारी सभागृह भरलं होतं. वस्तीतल्या बायका मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाई पुढे, मांडीवर पत्र्याची एक पेटी. नकाशेवाल्यांची खुर्ची रिकामी होती. मी दोनदा दाराकडे पाहिलं.

बाई पंधरा मिनिटं बोलल्या. रडल्या नाहीत, मुलीचं नावही काढलं नाही. किती गरोदर बायका, किती म्हातारी माणसं, किती मशीनं, किती पावलांचा चढ. मग शेठ उठले. छापील अहवाल उंच धरून त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि काही लोक हसले.

"बाईंबद्दल मला आदर आहे," शेठ म्हणाले. "पण आईच्या दुःखावर गावाचा आराखडा करायचा का? कुणावर विश्वास ठेवायचा, सरकारी अहवालावर की..."

"अहवाल खोटा आहे."

नकाशेवाले दारात उभे होते. काखेत गाठोडं. ते मधल्या वाटेने पुढे आले आणि गाठोडं अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलं.

"हे अक्षर माझं आहे. मी एकाही दारावर गेलो नव्हतो. नकाशा पुढे ठेवून ड्रॉइंगच्या टेबलावर बसून लिहिलं. यात सहा घरं अशी आहेत जी कधी बांधलीच नाहीत. आणि अठ्ठावन्न घरांपुढे मी 'बंद' लिहिलंय, ती सगळी उघडी होती. बाईंचं प्रत्येक कार्ड खरं आहे. गाठोड्याची चोरीही माझीच."

मागून कुणीतरी ओरडलं. साहेब उठून उभे राहिले. शेठ मात्र खाली बसले. त्यांनी अहवाल मिटून मांडीवर ठेवला आणि पुन्हा उघडला नाही.

मी बाईंकडे बघत होते. त्या हलल्या नाहीत. पेटीच्या झाकणावर बोटं तशीच, सरळ ठेवलेली.

मतदान झालं. दवाखाना आणि शेड मंजूर. बायकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले, बाईंच्या पाठीकडे पाहिलं आणि खाली घेतले. एकेक करून सगळे निघून गेले. मीही निघणार होते, पण बाईंनी माझा पदर धरला. एकटीने बसायची त्यांची तयारी नव्हती.

नकाशेवाले चार खुर्च्या सोडून उभे होते.

"पोरीचं घर कितवं?" बाईंनी विचारलं. त्यांच्याकडे न बघता.

"एक्केचाळीस."

"काय लिहिलं होतंत?"

त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"विचारतेय मी."

"बंद," ते म्हणाले.

बाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो पुन्हा कधी माझ्या कानी पडू नये.

७

मी माझा अहवाल दिला. नकाशेवाल्यांची नोकरी गेली. त्यांनी एका ओळीचंही अपील केलं नाही.

दीड वर्षाने कामानिमित्त पुन्हा त्या गावात गेले. दवाखाना सुरू झाला होता. ओसरीत बाई नोंदणीच्या टेबलावर बसल्या होत्या. आतून एका तान्ह्या बाळाचं रडणं येत होतं, आणि शेजारच्या शेडमधून मशिनांचा एकसुरी आवाज. बाईंनी मला ओळखलं, खुर्ची दिली. केस पूर्ण पांढरे झाले होते. त्या महिन्यात नऊ बाळंतपणं झाली, नऊच्या नऊ सुखरूप, असं त्यांनी सांगितलं. सांगताना हसल्या नाहीत.

"आणि घरी?" मी विचारलं.

"आहेत. झाडांना पाणी घालतात. संध्याकाळी मला न्यायला येतात. मी पुढे चालते, ते मागे."

विचारू नये ते मी विचारलं. "माफ केलंत?"

बाईंनी टेबलावरची नोंदवही सरळ केली. आतलं बाळ रडायचं थांबलं होतं.

"नाही हो मॅडम," त्या म्हणाल्या. "ते नाही जमत. पण ताटं दोन घेते."